मुंबईत हार्ड रॉक बँडला मानवंदना: कव्हर अल्बम कसा काढायचा

एखाद्या हार्ड रॉक बँडची दहा गाणी दहा स्थानिक बँडकडून वाजवून घेऊन अल्बम काढायचा असेल, तर ठरवल्यापासून प्रकाशनापर्यंत नऊ-दहा महिने धरून चाला. त्यातला निम्मा वेळ परवानग्यांच्या पत्रव्यवहारात जातो. रेकॉर्डिंगला नीट आखणी असेल तर सहा आठवडे पुरतात. बरेच जण हा क्रम उलटा करतात: आधी जोशात वाजवतात आणि मग कागद शोधायला लागतात. मग तयार गाणी हार्ड डिस्कवर पडून राहतात, कारण जे वाजवलंय तेवढ्याला परवानगीच मिळत नाही.

या सगळ्या कामात एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून येत राहतो: मूळ गाण्यात बदल किती करायचा? कायदा तेच विचारतो, ढोलकीवाला तेच विचारतो, मिक्स करणाराही तेच विचारतो. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी एक पान करा आणि त्यावर दोनच रकाने आखा: काय ठेवणार, काय बदलणार. पुढचं सगळं काम या पानावरून चालेल.

अल्बमचा साचा

आजवर निघालेल्या अशा अल्बमांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, बँडच्या सगळ्या कारकिर्दीतून गाणी वेचायची आणि वेगवेगळ्या कलाकारांना द्यायची. १९९४ चा 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' (ब्लॅक सॅबथ) आणि १९९५ चा 'एन्कोमियम' (लेड झेपेलिन) हे त्यातले. दुसरा, एकच गाजलेला अल्बम घेऊन तेवढ्याच गाण्यांवर काम करायचं. २०१२ चा 'री-मशीन्ड' डीप पर्पलच्या 'मशीन हेड'वर आहे. २०२१ चा 'मेटालिका ब्लॅकलिस्ट' तर मूळच्या १२ गाण्यांवर ५३ ट्रॅक घेऊन आला, आणि त्यात विशाल ददलानी, डिव्हाइन आणि शोर पोलीस या मुंबईकरांनी मिळून केलेलं 'द अनफर्गिव्हन' आहे. तिसरा प्रकार म्हणजे एकच गट, एकच वाद्यमेळ. अपोकॅलिप्टिकानं १९९६ साली चार चेलोंवर मेटालिका वाजवलं. हेसीड डिक्सीनं २००१ साली एसी/डीसीची गाणी ब्लूग्रासमध्ये नेली.

पहिल्यांदाच करत असाल तर पहिला प्रकार घ्या आणि दहा गाण्यांवर, ४० ते ४४ मिनिटांवर थांबा. गाणी वाढली की त्याच प्रमाणात परवाने वाढतात. शिवाय पुढे कधी विनाइल (तबकडी) काढायचं ठरलं तर ४४ मिनिटं एकाच विनाइलवर बसतात. एका बाजूला १८ ते २२ मिनिटं ठेवली तर आवाजाची पातळी चांगली राहते. एकच गाणं दोन बँडना हवं असेल तर दोघांनाही दिलं तरी चालतं. 'री-मशीन्ड'मध्ये 'स्मोक ऑन द वॉटर' दोनदा आहे, आणि दोन्हींत फरक इतका की दुसरं अनाठायी वाटत नाही. पण दहाच गाण्यांच्या अल्बमात ती चैन एकदाच करा.

गाणी निवडताना

प्रत्येकाला बँडचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं हवं असतं, तिथं ठाम राहा. दहात प्रसिद्ध गाणी चार पुरेत. बाकी सहा अल्बमांच्या दुसऱ्या बाजूंतून, सिंगलच्या (एकेका गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूंतून काढा. 'री-मशीन्ड'वर मेटालिकानं घेतलेलं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे मूळ 'मशीन हेड'वर नव्हतंच. 'नेव्हर बिफोर'च्या सिंगलच्या मागे होतं. कमी ऐकलेल्या गाण्याची तुलना ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून तयार नसते, त्यामुळे तुमच्या बँडला मोकळं वाजवता येतं.

निवडलेलं गाणं त्या बँडनंच लिहिलंय का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. हार्ड रॉकमध्ये इथं फार गफलत होते. डीप पर्पलचं 'हश' मूळ जो साउथ या गीतकाराचं आहे. व्हॅन हेलननं गाजवलेलं 'यू रिअली गॉट मी' किंक्सच्या रे डेव्हिसचं. लेड झेपेलिनच्या 'होल लोटा लव्ह'वर विली डिक्सनचं नाव दाव्यानंतर लागलं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'वर मेम्फिस मिनीचं नाव आहे. म्हणजे परवानगीचं पत्र भलत्याच पब्लिशरकडे (गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे) जाऊ शकतं आणि महिनाभरानं 'हे आमचं नाही' असं उत्तर येतं. अमेरिकेतल्या एमएलसीची (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेची) यादी सगळ्यांना खुली आहे. एस्कॅप आणि बीएमआय या तिथल्याच हक्कसंस्थांची एकत्रित यादीही. तिथून प्रत्येक गाण्याचे लेखक, पब्लिशर आणि टक्केवारी उतरवून घ्या. बेरीज शंभर होत नसेल तर कुणीतरी सुटलंय. चार लेखक आणि तीन पब्लिशर असतील तर तिघांचीही परवानगी लागते.

परवानग्या

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: गीत-संगीताचा, आणि मूळ रेकॉर्डिंगचा. तुम्ही सगळं नव्यानं वाजवणार असाल तर दुसऱ्याशी तुमचा संबंध येत नाही, मात्र मग मूळ रेकॉर्डिंगमधला एक सेकंदही वापरायचा नाही. सुरुवातीची ती घंटा, तो गिटारचा फीडबॅक, प्रेक्षकांचा आरडाओरडा, सगळं स्वतः करा.

गीत-संगीतासाठी भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३१-सी आहे. मालकानं नकार दिला तरी या कलमाखाली कव्हर (दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती) काढता येतं, असं ऐकून लोक खूश होतात. अटी वाचल्या की अडचण दिसते. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांना ही अडचण नाही. हक्कधारकाला आणि कॉपीराइट निबंधकांना आधी नोटीस द्यायची, मुखपृष्ठ आणि लेबलच्या प्रती आधी द्यायच्या, रॉयल्टीही आधीच भरायची, आणि तीही प्रत्येक गाण्याच्या दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची. मागचं रेकॉर्डिंग ज्या माध्यमात निघालं त्याच माध्यमात काढायचं; ते माध्यम बाजारातून गेलं असेल तरच दुसरं घेता येतं. गाण्यात बदल करायचा नाही. आधी मालकाच्या संमतीनं झालेला किंवा रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या अटळ असलेला बदल तेवढा चालतो. 'या कलमाखाली केलेली कव्हर आवृत्ती' असं वेष्टनावर छापायचं.

आणि मानवंदनेच्या मुळावर येणारी अट ही: वेष्टनावर आधीच्या रेकॉर्डिंगमधल्या कलाकाराचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही. ज्या बँडला मानवंदना द्यायची त्याचंच नाव मुखपृष्ठावर नाही! ५०,००० प्रतींची अट आणि ही अट एकत्र पाहिली की छोट्या निर्मात्यानं या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. पब्लिशरकडून रीतसर, ऐच्छिक परवाना घ्या.

बड्या पब्लिशरांच्या भारतीय शाखा मुंबईतच आहेत, त्यामुळे परदेशी गाण्यासाठीही पहिलं पत्र इथंच द्यावं. पत्र दोन पानांच्या आत, आणि त्यात एवढं हवंच: गाण्याचं नाव, लेखक आणि त्यांची टक्केवारी, कोण वाजवणार, अंदाजे लांबी, सीडी, विनाइल, डाउनलोड, स्ट्रीमिंग यातलं काय काय आणि किती प्रती, कोणते देश, प्रकाशनाची तारीख, व्हिडिओ करणार का, शीर्षकात बँडचं नाव कसं येणार, आणि बदलांची यादी. ही यादी म्हणजे सुरुवातीच्या पानावरचा दुसरा रकाना. 'मधल्या सोलोऐवजी सनई', 'एक कडवं गाळलंय', 'लय निम्मी' असं नेमकं लिहा. नुसतं 'भारतीय बाजात' असं लिहिलं तर समोरचा घाबरून नाही म्हणतो किंवा उत्तरच देत नाही.

शब्दांचा मराठी अनुवाद करायचा असेल तर तो स्वतंत्र हक्क आहे. त्यासाठी अनुवादाचा पूर्ण मजकूर आणि त्याचा ओळीनुसार इंग्रजी अर्थ जोडावा लागतो, आणि नकाराची तयारी ठेवावी लागते. पहिल्या अल्बमात अनुवाद एकाच गाण्यापुरता मागा. बाकी गाणी इंग्रजीत ठेवा किंवा नुसती वाद्यांवर करा.

उत्तराला तीन ते चार महिने धरा. उत्तर न येणं म्हणजे होकार नाही. दहासाठी बारा पत्रं पाठवा, दोन गाणी राखीव. लेखी होकार आल्याशिवाय त्या गाण्यासाठी स्टुडिओची शिफ्ट बुक करू नका.

नाव वापरायला परवानगी मिळाली तरी बँडचा लोगो, त्याच्या अक्षरांची घडण आणि बँडचे फोटो घेऊ नका. लोगो व्यापारचिन्ह असतो आणि फोटोचा हक्क बहुधा छायाचित्रकाराचा. साध्या अक्षरात नाव, मागे 'या अल्बमचा मूळ बँडशी संबंध नाही' ही ओळ, आणि आतून नवं चित्र. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारी चित्रकार मुलं हे काम जीव ओतून करतात. त्यांना पैसे द्या आणि हक्काचं लेखी घ्या.

सहभागी बँडशीही एक-एक पानाचा करार करा: मास्टरची (अंतिम रेकॉर्डिंगची) मालकी कुणाची, उत्पन्नातला वाटा किती, बँडला ते गाणं स्वतःच्या अल्बमात कधी घेता येईल. वादकांना कायद्यानं स्वतःचे हक्क आहेत, तेव्हा पाहुणे वादकही सही करतील असं बघा. हे मित्रांमध्ये अवघड वाटतं, पण सही पहिल्या तालमीलाच होते. गाणं चाललं की मग होत नाही.

पैशांची ढोबळ विभागणी शंभर रुपयांत अशी ठेवा: परवाने आणि आगाऊ रॉयल्टी २५, रेकॉर्डिंग ३५, मिक्स आणि मास्टरिंग (सगळ्या गाण्यांवरून शेवटचा हात फिरवणं) २०, मुखपृष्ठ आणि प्रकाशन १०, राखीव १०. परदेशी पब्लिशरला पैसे पाठवताना टीडीएस कापावा लागतो, त्यासाठी सीए आधीच गाठा.

मांडणी: काय ठेवायचं, काय सोडायचं

हार्ड रॉकचा कणा रिफ असतो, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा. गाणं एकाच वाद्यावर, ठेक्याशिवाय, पेटीवर वाजवून बघा. चार मात्रांत ओळखू आलं तर तो रिफ 'ठेवणार' या रकान्यात जातो आणि त्याला हात लावायचा नाही. त्याभोवतीचं बाकी सगळं हलू शकतं: ठेका, वाद्यं, लय, सोलो, आवाजाची पट्टी.

रिफ आधी बरोबर बसवा. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ निम्मे गिटारवादक चुकीचा वाजवतात. ते नेहमीचा पॉवर कॉर्ड धरतात, म्हणजे खाली सा आणि वर प. मूळ रिफ उलटा आहे: वर सा, खाली मंद्र प. शिवाय डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर तो पिकनं न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकदम छेडतो, आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन त्याच्या जोडीला असतो. पेटीवाल्याला पांढरी पाच आणि 'वर सा, खाली प' एवढं सांगितलं की पहिल्या झटक्यात येतं.

पट्टीचा प्रश्न लोकवाद्यं आणली की लगेच उभा राहतो. गिटारवाला ई म्हणतो, ढोलकीवाला 'काळी की पांढरी' विचारतो. हा तक्ता तालमीच्या भिंतीवर लावा: नेहमीच्या ट्यूनिंगमधली ई म्हणजे पांढरी तीन, अर्धा सूर उतरवलेली ई फ्लॅट (किस, गन्स एन रोझेस, व्हॅन हेलन यांची बरीच गाणी) म्हणजे काळी दोन, ड्रॉप डी म्हणजे पांढरी दोन, सी शार्प म्हणजे काळी एक. कारखान्यात बोटांची टोकं तुटलेल्या, ब्लॅक सॅबथचा गिटारवादक असलेल्या टोनी आयोमीनं ताण कमी करण्यासाठी तारा सैल केल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर बँड सी शार्पपर्यंत खाली आला. त्यामुळे सॅबथची ती गाणी थेट काळी एकमध्ये बसतात, जी आपल्याकडे पुरुष गायकांची रोजची पट्टी आहे. लोकवाद्यांसोबत पहिलं गाणं करायचं तर इथून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं.

गायकाला मूळ पट्टी झेपत नसेल तर खुशाल उतरवा. पण रिफ मोकळ्या तारेवर अवलंबून असेल तर गिटारवर पडदे सरकवून उतरवू नका, मोकळ्या तारेची घुमक जाते. सगळ्या तारा खाली आणा आणि जाड संच लावा (आकडे सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड तारेच्या जाडीचे): नेहमीच्या ट्यूनिंगला १०-४६, डीला ११-५२, सी शार्पला १२-५६. संच बदलला की नेक आणि इंटोनेशनचं (सगळ्या पडद्यांवर सूर बरोबर लागण्याचं) सेटिंग करून घ्यावंच लागतं; नाहीतर बाराव्या पडद्यावर सूर चढा लागतो आणि पेटीसोबत ते फार बोचतं. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत हे संच मिळतात, पण १२ चे नेहमी नसतात, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा. पेटीचे सूर पक्के असतात. ट्यूनर पेटीसमोर धरून तिचा 'ए' ४४० हर्ट्झला आहे की वर, ते बघा आणि बाकी सगळ्यांना पेटीशी जुळवा.

ठेक्याचं काम मात्रांत लिहून द्या. झेपेलिनच्या 'कश्मीर'मध्ये ड्रम चारच्या हिशेबात चालतो आणि रिफ तीनच्या; दोघं बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. ढोलकीवाल्याला 'सरळ केरवा धरा, रिफकडे लक्ष देऊ नका, बारा मात्रांनी भेटू' असं सांगितलं की काम होतं. त्यांचंच 'फोर स्टिक्स' पाच आणि सहा मात्रांमध्ये फिरतं. गंमत म्हणजे झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी स्वतःच १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांसोबत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली होती. ती अधिकृतपणे २०१५ साली 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आली. काम सुरू करण्याआधी दोन्ही ट्रॅक सगळ्या वादकांना ऐकवा. मूळ बँडनं काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, ते त्यात कानांनी कळतं.

हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही आणि स्टुडिओत शेकोटी पेटवता येत नाही. फायबरच्या कातड्याची हलगी आणा किंवा हेअर ड्रायर ठेवा, दर दोन टेकला (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे एक टेक) एक मिनिट. संबळ आणि ड्रमचा किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) एकाच पट्ट्यात आदळतात. संबळ असेल त्या भागात किक निम्मा करा. लोकवाद्यं दोनच गाण्यांत पुरेत. दहाही गाण्यांत ढोलकी आली की ती मानवंदना बँडला न राहता ढोलकीला होते.

बँडना पाठवायचं पत्रक

दहा बँड दहा ठिकाणी रेकॉर्ड करणार असतील तर तांत्रिक पत्रक पहिल्याच दिवशी द्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर उघडला तरी सगळं जुळेल. मास्टरवर लिमिटर (आवाजाची उंची दाबून धरणारी यंत्रणा) नाही. सगळ्यांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. इलेक्ट्रिक गिटारचा अँपचा आवाज आणि शिवाय थेट डीआय (अँपशिवाय गिटारचा सरळ घेतलेला आवाज), दोन्ही. डीआय असेल तर मिक्सच्या वेळी आवाज न पटल्यास तोच वादनाचा भाग पुन्हा अँपमधून काढता येतो. सोबत लय, पट्टी, वादकांची नावं जशी छापायची तशी.

सॅम्पल रेटवर (वरच्या ४८ किलोहर्ट्झच्या आकड्यावर) सगळ्यांत जास्त चुका होतात. ४४.१ ची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता उघडली, तर गाणं जवळजवळ ९ टक्के जास्त वेगात आणि दीड सेमीटोन वर वाजतं. कुणाला तरी 'आज जरा जोशात वाजलंय' असं वाटतं आणि चूक मास्टरिंगपर्यंत जाते.

रेकॉर्डिंग

मुंबईतले बरेच स्टुडिओ शिफ्टवर चालतात. महाग असतो तो ड्रमचा दिवस, कारण मायक्रोफोन लावून जुळवायलाच तीन तास जातात. म्हणून ड्रम सेट आणि माइक तसेच ठेवून एका दिवसात दोन किंवा तीन बँड बसवा. स्नेअर (सेटमधला कडक वाजणारा छोटा ड्रम) प्रत्येकानं आपापला आणायचा. गिटार, बास, गाणं मग छोट्या खोलीत, कमी दरात. ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले) माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीनं मोजून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर स्नेअर एका बाजूला पातळ पडतो.

सगळ्यांनाच झेपेलिनच्या जॉन बॉनमचा ड्रम हवा असतो. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा तो आवाज इंजिनिअर अँडी जॉन्सनं हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली सेट ठेवून, वरून दोन माइक टांगून मिळवला. जास्त माइक लावून तो मिळत नाही. उंच जागा आणि हलक्या हातानं वाजवलेल्या झांजा लागतात. सोसायटीचा जिना वापरण्याआधी सेक्रेटरीची परवानगी घ्या आणि दुपारची वेळ निवडा.

गिटारचा गेन (अँपवरची आवाज फाटवणारी कळ) जेवढा वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. एसी/डीसीचा आवाज जाडजूड वाटतो तो दोन गिटारी डावी-उजवीकडे वेगळं वाजवतात म्हणून. एकेक गिटार ऐकली तर आश्चर्य वाटेल इतकी स्वच्छ आहे. गेन वाढवला की पिकचा पहिला ठोका चपटा होतो, आणि दोन-तीन थर चढवल्यावर नुसता गोंगाट उरतो. तोच भाग दोनदा वाजवून घ्या. एकाच टेकची प्रत करून दुसऱ्या बाजूला ठेवली तर रुंदी येत नाही.

सत्तरच्या दशकातली गाणी क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टकटकीवर) नाहीत. मुखड्यात लय मिनिटाला एक-दोन बीटनं चढते आणि सोलोनंतर उतरते. सरळ क्लिक लावला तर ते गाणं ताठर होतं. मूळ गाण्यावरून टेंपो मॅप (लय कुठे किती बदलते त्याचा नकाशा) काढा आणि त्यावर क्लिक चालवा. किंवा ड्रम आणि रिफ गिटार एकत्र, क्लिकशिवाय घ्या.

पावसाळ्यात कातड्याची वाद्यं शक्यतो टाळा. जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या पुढे जातो, ढोलकीची चाट उतरते, लाकडी गिटारची नेक हलते. खोली ४५ ते ५५ टक्क्यांवर हवी. पंधरावीस मिनिटं एसी चालवून टेकच्या वेळी बंद करा, दोन टेकनंतर पुन्हा चालू. गणपतीचे दिवस आणि त्याआधीचे ढोल-ताशांच्या सरावाचे आठवडे मिक्सिंगसाठी राखून ठेवा.

जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चं असतं आणि गिटारच्या अँपमधून ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. सगळे अँप आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावा, ट्यूबलाइट आणि डिमर बंद करा, सिंगल कॉइलची गिटार फिरवून कमी घूं येणारी दिशा शोधा. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढणारे लोक भेटतील. ते करू देऊ नका. गिटारच्या तारेला आणि माइकला एकदम हात लागला तर जीव जाऊ शकतो.

मिक्स आणि मास्टर

मिक्स वेगवेगळ्या लोकांनी केलं तरी चालेल, मास्टरिंग मात्र एकाच माणसाकडे. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ वर. तुमचं गाणं उणे ७ वर ठेचून भरलं तरी तिथं ते खालीच ओढलं जातं, आणि ठेचल्यामुळे ड्रमचा जीव गेलेला असतो तो गेलेलाच राहतो. हार्ड रॉकला उणे ११ ते उणे ९ पुरे, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यांत उंच टोक) उणे १ डेसिबल. दहा गाण्यांत दीड एलयूएफएसपेक्षा जास्त फरक नको. संथ गाणं याला अपवाद, ते मुद्दाम खाली ठेवा.

क्रम लावताना लागोपाठ दोन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत येऊ देऊ नका. विनाइल काढणार असाल तर झांजांनी भरलेली जोरकस गाणी प्रत्येक बाजूला आधी आणि शांत गाणी शेवटी. आतल्या खाचांत वरचे सूर फाटतात. बासचा खालचा पट्टा, साधारण १२० हर्ट्झच्या खाली, मोनो करा.

प्रकाशन

प्रत्येक ट्रॅकला नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो, १२ अक्षरांचा. मूळ रेकॉर्डिंगचा चिकटवलात तर तुमचं उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जातं. गीत-संगीताचा ओळख क्रमांक, आयएसडब्ल्यूसी, मात्र मूळचाच राहतो. कलाकाराच्या जागी तुमच्या बँडचं नाव, संगीतकार-गीतकाराच्या जागी मूळ लेखकांची पूर्ण नावं. गाण्याच्या शीर्षकात 'मूळ कलाकार अमुक' असं घातलं की स्टोअर परत पाठवतात. प्रकाशनाच्या किमान चार आठवडे आधी सगळं चढवा.

अमेरिकेत कव्हरसाठी सक्तीचा परवाना आहे, आणि स्ट्रीमिंगचा हिशेब २०२१ पासून एमएलसीमार्फत होतो. सीडी आणि डाउनलोडला प्रत्येक प्रतीमागे ठरलेला दर: २००६ ते २०२२ तो ९.१ सेंट होता, २०२३ साली १२ सेंट झाला आणि नंतर महागाईनुसार वाढतो. हा दर पाच मिनिटांपर्यंतचा. त्यापुढे मिनिटावर मोजतात, म्हणजे २०२३ च्या हिशेबानं सात मिनिटांचं गाणं १६.१७ सेंटला गेलं. लांब सोलो ठेवायचा की नाही, हे ठरवताना हा आकडा समोर असू द्या. काही डिस्ट्रिब्युटर (गाणी ऑनलाइन स्टोअरवर चढवणाऱ्या कंपन्या) हा परवाना वार्षिक शुल्कावर काढून देतात. शुल्क थांबलं की गाणं उतरतं, म्हणून पाच वर्षांचा खर्च आजच धरा.

यूट्यूबसाठी चित्रासोबत गाणं जोडण्याचा हक्क वेगळा असतो आणि तो वरच्या कुठल्याही परवान्यात आपोआप येत नाही. पब्लिशरचा कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) दावा आला तर विरोध नोंदवू नका. दावा खरा असतो, आणि बहुधा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जाऊन व्हिडिओ चालू राहतो.

प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवलात तर जागेच्या मालकाकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवाना आहे का ते विचारा. त्याच्याकडे नसेल तर आयोजक म्हणून तुम्ही काढा, वाजवायच्या गाण्यांची यादी जोडून. मधल्या वेळात रेकॉर्ड केलेली गाणी लावणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा परवाना वेगळा.

त्यानंतर करारात ठरल्याप्रमाणे दर तिमाहीला किंवा सहामाहीला पब्लिशरांना विक्रीचं विवरण जातं. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरण पाठवा. विनाइल किंवा सीडी काढली असेल तर प्रत्येक पब्लिशरला दोन प्रती, परवाना क्रमांक लिहून, पोचपावतीसह.